मिंट टाकलं, आता डोंगलवर नेट कसं लावायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल, तर त्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. त्यामुळे ४ जीबी रॅमचे, पण अजून हातपाय धड असलेले कितीतरी लॅपटॉप लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर आले. मिंट टाकलं की मशीन पळायला लागतं. गाडी अडते ती नेटपाशी. शेतातल्या आखाड्यावर किंवा लातूरला अभ्यासासाठी घेतलेल्या खोलीत फायबर नसतं, डोंगल असतो, म्हणजे सिम घालून यूएसबीत खोचायचा छोटा मोडेम. तो खोचला की पडद्यावर सीडीचं चित्र उमटतं, त्यातलं ‘सेटअप’ काही केल्या चालत नाही, आणि दुसऱ्या दिवशी माणूस लॅपटॉप काखोटीला मारून दुकानात हजर: ‘परत विंडोज मारून द्या.’

ते सेटअप चालत नाही, कारण ती विंडोजची फाइल आहे. मिंटला तिची गरजच नाही. मोडेम चालवायला लागणारं सगळं मिंटच्या पोटात आधीपासून असतं. ते कोणत्या क्रमानं चालतं एवढं कळलं की काम होतं. क्रम असा: मशीनला यूएसबीवर डोंगल दिसला पाहिजे, डोंगलनं सीडीचं सोंग टाकून मोडेम झालं पाहिजे, सिमची टॉवरकडे नोंद झाली पाहिजे, कंपनीकडून आयपी पत्ता (मशीनचा नेटवरचा क्रमांक) मिळाला पाहिजे, आणि शेवटी वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारं डीएनएस चाललं पाहिजे. नवखा माणूस सगळ्यात जास्त वेळ कुठं घालवतो? सिमची नोंदच झालेली नसताना एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटमध्ये शिरायचं नाव, बदलण्यात. आधीचा टप्पा पार झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

इथली सगळी वर्णनं मिंट २२ च्या सिनॅमन आवृत्तीची आहेत. उबंटू या दुसऱ्या लिनक्सवर आतली यंत्रणा हीच, मेनूंची मांडणी थोडी वेगळी. काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये द्यायच्या चार-सहा आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी, आणि ‘मोठा’ असं म्हटलं नसेल तिथं सगळी अक्षरं छोटी.

आधीच एक इशारा. तुम्ही सेवा केंद्र चालवत असाल आणि अंगठा घेणारं यंत्र वापरत असाल, तर त्या मशीनवरचं विंडोज काढू नका. बहुतेक अंगठा-यंत्रांची आरडी सर्व्हिस (यंत्र आधारशी जोडणारं सॉफ्टवेअर) विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळते. सातबारा काढणं, महाडीबीटीचा अर्ज, पीक विमा, परीक्षेचे फॉर्म या ब्राउझरमधल्या कामांना मिंट पुरतं.

विंडोज पुसण्याआधी डोंगल तपासा

मिंट पेनड्राइव्हवरून, डिस्कवर काहीही न टाकता चालतं. याला लाइव्ह सेशन म्हणतात. डोंगल चालतो की नाही हे तिथंच बघून घ्यायचं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, विंडोजवर रूफस किंवा एचर हा प्रोग्रॅम वापरून त्यावर मिंट बसवायची आयएसओ फाइल लिहा. नुसती कॉपी केली तर मशीन त्यावरून सुरू होत नाही. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं यात जातं, लग्नाचे फोटो आधी काढून ठेवा.

फाइल ३ जीबीच्या आसपास आहे आणि रोजच्या पॅकमध्ये डेटा दीड जीबी. म्हणजे एका दिवसात ती उतरत नाही. ब्राउझरमध्ये ‘पॉज’ करून रात्री बारानंतर ‘रिझ्यूम’ करता येतं, पण मध्येच लाइट गेली आणि मशीन बंद पडलं, तर बऱ्याचदा सगळं पहिल्यापासून. त्यापेक्षा कुणाकडे फायबर असेल तर तिथं जाऊन पेनड्राइव्हच तयार करून आणा. पंधरा मिनिटांचं काम.

मशीन सुरू होताना बूट मेनूचं बटण दाबा. डेल, लेनोवो आणि एसरवर बहुतेक एफ-१२, एचपीवर एफ-९. मिंटचा पडदा आला की घाई करून ‘इन्स्टॉल’च्या चित्राला हात लावू नका. ते दाबेपर्यंत तुमच्या डिस्कमधलं काहीही बदलत नाही. आता डोंगल लावा आणि पुढं लिहिलेलं सगळं इथंच करून बघा.

कपाटातला डोंगल अजून जिवंत आहे का

अनेकांच्या कपाटात दहा-बारा वर्षांपूर्वीचा ३जी डोंगल पडून असतो. तो मिंटवर झकास ओळखला जातो, दिवाही लागतो, पण नेट येत नाही. दोष मिंटचा नाही. जिओ २०१६ मध्ये सुरू झालं तेच ४जी घेऊन. त्यांचं २जी किंवा ३जी कधी नव्हतंच, त्यामुळे ३जी डोंगलला जिओचं सिम कधीच चालणार नाही. एअरटेलनं ३जी २०२० मध्ये गुंडाळलं. त्यांचं सिम जुन्या डोंगलमध्ये घातलं तर २जीवर लागतं, आणि २जीची कागदावरची कमाल गती सेकंदाला सुमारे २३६ किलोबिट. त्यावर महाडीबीटीचं पहिलं पान उघडेपर्यंत चहा होतो. ३जी डोंगलवर पैसे किंवा वेळ घालवू नका.

४जी डोंगल घेताना खोक्यावर बँड, म्हणजे डोंगलला कळणाऱ्या लहरींचे पट्टे, बघा. वेग किती एमबीपीएस लिहिलाय त्यापेक्षा हे महत्त्वाचं. जिओ ४जीसाठी बँड ३, ५ आणि ४० वापरतं. बँड ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, ४० म्हणजे २३००. मेगाहर्ट्झचा आकडा जितका लहान तितकी लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. टॉवर वस्तीपासून तीन-चार किलोमीटरवर असेल तर तुम्हाला पोसणार ती ८५० किंवा ९०० ची लहर. परदेशातून आलेल्या सेकंडहँड डोंगलमध्ये बऱ्याचदा ५ आणि ४० हे दोन्ही बँड नसतात. असा डोंगल शहरात चालतो आणि गावात मुका होतो.

डोंगलच्या दोन जाती आहेत, आणि ही गोष्ट न कळल्यामुळे अर्धे लोक अडतात. पहिली जात खऱ्या मोडेमची: मिंट त्याला मोडेम म्हणून ओळखतं, जोडणी तुम्ही तयार करायची. दुसरी जात राउटरवाली: आत स्वतःचा छोटा राउटर असतो आणि मशीनला तो वायर लावलेल्या लॅन कार्डासारखा दिसतो. हुआवेचे हायलिंक डोंगल, जिओफाय हे जिओचं छोटं वायफाय यंत्र केबलनं जोडलं तर ते, आणि हल्ली ऑनलाइन मिळणारे वायफायवाले पांढरे डोंगल या दुसऱ्या जातीत येतात. यांच्यासाठी मिंटमध्ये काहीच भरायचं नसतं. ‘मोबाइल ब्रॉडबँड’ दिसत नाही म्हणून लोक घाबरतात, आणि इकडे नेट चालू झालेलं असतं! ब्राउझर उघडून बघा. चालत नसेल तर डोंगलचं स्वतःचं पान उघडा: हायलिंकचा पत्ता १९२.१६८.८.१, बाकीच्यांचा झाकणाच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो. एपीएन, सिमचा पिन, सिग्नल सगळं त्या पानावर.

निवड तुमच्या हातात असेल तर नवख्यानं दुसऱ्या जातीचा घ्यावा, हे आमचं सरळ मत. उद्या मिंट सोडून आणखी काही टाकलं तरी तो चालेल.

कंपनीच्या दुकानातून सवलतीत घेतलेला डोंगल त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असू शकतो. दुसरं सिम घातलं की तो अनलॉक कोड मागतो. अंदाजानं कोड टाकत बसू नका. हुआवेच्या डोंगलला १० संधी असतात, त्या संपल्या की कुलूप कायमचं.

सिम आधी फोनमध्ये

नवीन सिम थेट डोंगलमध्ये घालू नका. आधी साध्या फोनमध्ये घाला, चालू झालंय का बघा, वायफाय बंद करून एखादं पान उघडा, आणि सेटिंगमधून सिमचा पिन लॉक काढून टाका. हे केलं की पुढं काही अडलं तर सिमवर शंका घ्यायची गरज उरत नाही. तीनदा चुकीचा पिन पडला तर सिम पीयूके (कुलूप उघडायचा कंपनीचा कोड) मागतं, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कचऱ्यात.

आधार किंवा बँकेला जोडलेला नंबर डोंगलमध्ये घालू नका. पीक विम्याचा फॉर्म भरताना ओटीपी येतो तो सिमवर, आणि सिम बसलंय डोंगलच्या पोटात. ओटीपीसाठी सिम काढलं की नेट जातं, नेट गेलं की फॉर्म जातो. डोंगलला वेगळं डेटा सिम ठेवा.

जुन्या डोंगलची खाच मोठ्या सिमची असते आणि हल्लीचं सिम नॅनो. मध्ये प्लास्टिकची चौकट वापरा, पण ती रिकामी कधीही सरकवू नका. आतल्या पिना चौकटीच्या भोकात अडकतात आणि ओढताना वाकतात. चौकटीत सिम बसवून मागच्या बाजूनं पातळ चिकटपट्टी लावली की सिम निसटत नाही. पिवळ्या पट्ट्यांवर मात्र चिकटपट्टी येऊ देऊ नका.

खोचलं, पुढं?

डेस्कटॉप असेल तर मागचं पोर्ट वापरा. समोरची पोर्टं आतून बारीक वायरनं जोडलेली असतात, डोंगलला टॉवर शोधताना लागणारा करंट तिथं कमी पडतो, आणि तो दर दोन मिनिटांनी गायब होऊन परत येतो. निळं यूएसबी ३ पोर्ट आणि काळं यूएसबी २ पोर्ट दोन्ही असतील तर काळं घ्या. यूएसबी ३ चा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो आणि बँड ४० तिथून फार लांब नाही.

डोंगल खोचला की पूर्ण एक मिनिट थांबा. या एका मिनिटात बरंच घडतं. आधी तो सीडी म्हणून उगवतो. मग मिंटमधलं यूएसबी-मोडस्विच त्याला ‘सोंग पुरे’ असा इशारा देतं, डोंगल क्षणभर नाहीसा होतो आणि मोडेम किंवा लॅन कार्ड म्हणून परत येतो. मग मोडेममॅनेजर नावाची सेवा त्याची चौकशी करते. वीस सेकंदांत काही दिसलं नाही म्हणून उपसून परत खोचलं, तर ही साखळी पुन्हा शून्यापासून.

हे सगळं झालं का, हे बघायला कंट्रोल-ऑल्ट-टी दाबून टर्मिनल उघडा आणि ‘एलएसयूएसबी’ लिहून एंटर मारा. मध्ये जागा नको. यूएसबीला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी येते, प्रत्येकीसमोर दोन भागांचा क्रमांक. पहिला भाग कंपनीचा: १२डी१ म्हणजे हुआवे, १९डी२ म्हणजे झेडटीई. दुसरा भाग वस्तूचा, आणि गंमत इथं आहे. हुआवेचा एक सर्रास मिळणारा हायलिंक डोंगल सीडीच्या सोंगात असताना १एफ०१ दाखवतो आणि राउटर झाल्यावर १४डीसी. म्हणजे डोंगल खोचल्या खोचल्या एकदा आणि मिनिटभरानं एकदा ही आज्ञा द्यायची. दुसरा भाग बदलला तर सोंग सुटलं. बदलला नाही तर डेस्कटॉपवरच्या त्या सीडीवर उजवं बटण दाबून ‘इजेक्ट’ करा. बरेच डोंगल एवढ्यानंच मोडेम होतात. आणि यादीत डोंगलच नसेल, तर पोर्ट, एक्स्टेंशन वायर किंवा डोंगल मेला आहे. मिंटमध्ये काही शोधू नका, डोंगल आधी दुसऱ्या मशीनला लावून बघा.

सीडीच्या आत कधीकधी ‘लिनक्स’ नावाचं फोल्डर असतं. त्यातलं जुनाट सॉफ्टवेअर बसवायचा मोह आवरा. ते मोडेममॅनेजरशी भांडतं आणि दोघांच्या भांडणात नेट जातं.

जोडणी तयार करणं

हा भाग फक्त पहिल्या जातीच्या, खऱ्या मोडेमवाल्यांसाठी.

खाली उजवीकडे, घड्याळाजवळ नेटवर्कचं चित्र असतं. त्यावर क्लिक करून ‘नेटवर्क कनेक्शन्स’ उघडा, खालचं अधिकचं चिन्ह दाबा, यादीतून ‘मोबाइल ब्रॉडबँड’ निवडा. मग पाच पडद्यांची विचारपूस सुरू होते. उपकरण विचारलं तर ‘एनी जीएसएम डिव्हाइस’ ठेवा, म्हणजे उद्या दुसरा डोंगल लावला तरी हीच जोडणी चालेल. देश भारत. कंपनीची यादी जुनी असते. तुमची कंपनी त्यात सापडली तरी एपीएन स्वतःच्या हातानं तपासा, आणि सापडली नाही तर ‘कंपनी यादीत नाही’ हा पर्याय घेऊन हातानं लिहा.

एपीएन असे: जिओसाठी जिओनेट, एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट, आणि व्हीआयसाठी नुसते तीन डब्ल्यू. सगळं छोट्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये किंवा शेवटी जागा न सोडता. शेवटी चुकून पडलेली एक जागा डोळ्यांना दिसत नाही आणि अख्खी संध्याकाळ खाते. युजरनेम आणि पासवर्ड रिकामे. ‘नंबर’च्या चौकटीत *९९# आपोआप भरलेलं असेल, ते तसंच राहू द्या. हा टेलिफोनच्या तारेवरून डायल करायच्या काळाचा अवशेष आहे.

जतन केल्यावर त्याच जोडणीच्या ‘जनरल’ पानावर ‘मीटर्ड कनेक्शन’ला, म्हणजे मोजक्या डेटाच्या जोडणीला, ‘हो’ करा. आपोआप जोडायची खूणही तिथंच आहे, ती महिनाभर तरी करू नका. डेटा कुठं जातो हे कळेपर्यंत नेट हातानं चालू-बंद केलेलं बरं.

आता नेटवर्कच्या चित्रावर क्लिक केलं की ‘मोबाइल ब्रॉडबँड’चं बटण दिसेल. ते सरकवा. वीस-तीस सेकंदांत जोडणी लागली पाहिजे.

लागली नाही तर

टर्मिनलमध्ये ‘एमएमसीएलआय’, एक जागा, डॅश, मोठा ‘एल’. मोडेम ओळखला गेला असेल तर त्याचं नाव येतं. ‘नो मोडेम्स’ आलं तर आधीच्या टप्प्यावर परत जा. नाव आलं तर ‘एमएमसीएलआय’, जागा, डॅश, छोटा ‘एम’, जागा, ‘एनी’. लांबलचक माहिती येते. त्यातली ‘स्टेट’ची एकच ओळ वाचा.

तिथं ‘फेल्ड’ आणि शेजारी ‘सिम-मिसिंग’ असेल तर सिम नीट बसलेलं नाही किंवा उलटं आहे. ‘लॉक्ड’ असेल तर पिन मागतोय. ‘सर्चिंग’वरच पाच मिनिटं अडकलं असेल तर टॉवर सापडत नाही: एकतर सिग्नल नाही, नाहीतर टॉवरचा बँड तुमच्या डोंगलला कळत नाही. घराबाहेर मोकळ्यावर नेऊन बघितलं की दोन्हींतलं काय ते समजतं. ‘रजिस्टर्ड’ आलं म्हणजे सिम आणि टॉवरचं जुळलंय. आणि आता, इथं पोचल्यावरच, एपीएनवर संशय घ्यायचा. ‘कनेक्टेड’ असूनही पान उघडत नसेल तर पुढचा टप्पा.

‘पिंग’, जागा, ८.८.८.८ लिहून एंटर. ओळीमागून ओळ आणि प्रत्येकीत मिलिसेकंदांचा आकडा येत असेल तर नेट आलेलं आहे. कंट्रोल-सी दाबून थांबवा. मग ‘पिंग’, जागा, गुगल डॉट कॉम. पहिलं चाललं आणि हे नाही, तर डीएनएस गंडलंय. जोडणीच्या ‘आयपीव्ही४ सेटिंग्ज’मध्ये पद्धत ‘फक्त पत्ते आपोआप’ अशी करून डीएनएसच्या चौकटीत ८.८.८.८, १.१.१.१ भरा, जोडणी बंद करून परत चालू करा. पहिलंच चाललं नाही तर फोनमध्ये सिम घालून पॅक संपलाय का बघा. हसू नका, हे फार वेळा निघतं.

झाकण बंद करून लॅपटॉप झोपवला आणि उठवल्यावर मोडेम गायब झाला, तर डोंगल उपसून खोचा. ते नको असेल तर ‘सूडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट मोडेममॅनेजर’, यातल्या मोडेमचा आणि मॅनेजरचा असे दोन्ही ‘एम’ मोठे आणि ती दोन नावं सलग. पासवर्ड मागेल. टाइप करताना पडद्यावर अक्षरांऐवजी तारे उमटतात. कीबोर्ड बिघडलेला नाही, तसंच असतं. लिहा आणि एंटर मारा.

आणि यातलं काहीच जमत नसेल, पण नेट आत्ताच हवं असेल तर: अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा, फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमधून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. मिंट दहा सेकंदांत त्याला वायरचं नेट म्हणून उचलतं, ड्रायव्हर लागत नाही. केबल मात्र डेटाची हवी. स्वस्तातल्या कित्येक केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात आणि मग टेदरिंगचं बटण फिकटच राहतं. एक लक्षात ठेवा: वायर, वायफाय, मोबाइल ब्रॉडबँड तिन्ही चालू असतील तर मिंट याच क्रमानं निवड करतं. डोंगल लावून ठेवला आणि फोनही टेदर केलेला राहिला, तर डेटा फोनचा जातो.

माळवद, पत्रा आणि एक्स्टेंशन वायर

आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घराच्या भिंती दोन-दोन हात जाड, वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात गार, पण लहरींना भिंतच. पत्र्याच्या घरात वेगळं दुखणं: पत्रा लहर आत येऊच देत नाही, परतवून लावतो, आणि जे येतं ते दार-खिडकीतून. दोन्हींवर उपाय एकच आणि स्वस्त: दोन मीटरची चांगली यूएसबी एक्स्टेंशन वायर घ्या आणि डोंगल टॉवरच्या बाजूच्या खिडकीत टांगा. यूएसबी २ ची मर्यादा ५ मीटर असली तरी बारीक वायरीत तीन मीटरनंतरच दाब पडायला लागतो. डोंगल खिडकीच्या लोखंडी गजाला चिकटवू नका, सुतळीनं वीतभर लांब लोंबू द्या.

किती फरक पडला ते सिग्नलच्या कांड्या मोजून कळत नाही. राउटरवाल्या डोंगलच्या पानावर आरएसआरपी नावाचा, सिग्नलची ताकद सांगणारा उणे आकडा बघा. उणे ८० उत्तम, उणे ९५ पर्यंत कामचलाऊ, उणे ११० च्या खाली गेला तर फॉर्म सबमिट करताना पान हमखास लटकतं. खिडकी बदलली, वीतभर सरकवलं की हा आकडा हलतो. प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबून वाचा. या आकड्यात दहाचा (दहा डीबीचा) फरक म्हणजे ताकद दहापट.

एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली टांगलेला डोंगल भाजून निघतो आणि तापल्यावर आपणहून नेट तोडतो. दुपारी खिडकीच्या सावलीच्या बाजूला आणा. लाइट बराच वेळ गेलेली असली की टॉवरची बॅटरीही उतरते. अशा वेळी सिग्नल हळूहळू गळतो, तुमच्या सेटिंगमध्ये खोट नसते.

दीड जीबी कुठं गेला

मिंट तुम्हाला न विचारता अपडेट बसवत नाही, पण नवीन टाकल्यावर पहिल्या अपडेटची यादी अर्धा-एक जीबीची सहज होते. अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन आपोआप रिफ्रेश बंद करा आणि महिन्यातून एकदा, कुणाच्या तरी फायबरवर बसून, सगळं एकदम घ्या. कायमचं टाळू मात्र नका, सुरक्षेचे अपडेट त्यातच असतात.

रोजचा डेटा संपला की कंपनी गती ६४ किलोबिटवर आणते. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. १० एमबीची पीडीएफ उतरायला एकवीस मिनिटं, १ जीबीला दीड दिवस. पीक विम्याच्या शेवटच्या रात्री हे व्हायला नको असेल तर फायरफॉक्समध्ये व्हिडिओ आपोआप सुरू होणं बंद करा. बातम्यांची पानं डेटा पितात ती तिथंच.

केबलवाल्याची वायर असेल तर

तालुक्याच्या गावात केबलवाला थेट लॅनची वायर आणि युजरनेम-पासवर्ड देतो. विंडोजवर त्यासाठी डायलरचं चित्र असायचं. मिंटमध्ये त्याच ‘नेटवर्क कनेक्शन्स’मध्ये अधिकचं चिन्ह दाबून ‘डीएसएल/पीपीपीओई’ निवडा, युजरनेम-पासवर्ड भरा, ‘सर्व्हिस’ रिकामं ठेवा. सगळं बरोबर असून लागत नसेल तर बहुतेक त्यानं तुमच्या आधीच्या मशीनचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या लॅन कार्डाचा क्रमांक, बांधून ठेवलाय. फोन करून ‘मॅक क्लिअर करा’ एवढंच म्हणा, त्याला कळतं.

नेट आहे, पण प्रत्येक साइट असुरक्षित म्हणते

पिंग चालतं, पण ब्राउझर प्रत्येक साइटवर ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा लाल इशारा देतो. मोडेमला दोष देण्याआधी घड्याळातली तारीख बघा. जुन्या मशीनमधला सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख काही वर्षं मागं जाते, आणि साइटचं प्रमाणपत्र त्या तारखेला जन्मलेलंच नसतं. तात्पुरतं म्हणून तारीख हातानं दुरुस्त करा, पान लगेच उघडेल. कायमचा उपाय सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल, घड्याळवाल्याकडेही मिळतो. डेस्कटॉपची पिन काढून, झाकण उघडून, मदरबोर्डवरची बारीक चाप बोटानं बाजूला केली की जुना उडी मारून बाहेर येतो. नवा बसवताना लिहिलेली बाजू वर. लॅपटॉपमध्ये तो अनेकदा वायरीसह काळ्या वेष्टनात असतो, तो मात्र दुरुस्तीवाल्याकडूनच बदला.

तारीख बरोबर आणि वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेलचा काही दोष नाही. विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवल्यावर हे होतं: मिंट मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय समजतं. मिंटमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’, जागा, ‘सेट-लोकल-आरटीसी’, जागा, १ ही आज्ञा एकदा द्या, मग विंडोजमध्ये जाऊन घड्याळ एकदा बरोबर लावा.